खळं

खळं पडलं नव्हतं. महामायानं प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांच्या अगदी जवळ आणली, तरी नव्हतं. काचेच्या त्या चपट्या डबीत, थिजलेल्या पेजेसारख्या थरावर, जंतूंची पिवळसर साय या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग धरली होती. मधोमध तिनं ठेवलेला ठिपका होता, तिचा स्वतःचा, लोणारच्या चिखलातून उचललेला आणि तरुणपणापासून सांभाळलेला जंतू. तो पांढरा, गुबगुबीत होऊन निवांत बसला होता. त्याच्याभोवतीची साय विरघळून काचेसारखं स्वच्छ कडं उमटायला हवं होतं. सायीला धक्कासुद्धा लागलेला नव्हता. अनोळखी लग्नाच्या पंगतीत मांडी ठोकून बसलेल्या पाहुण्यासारखा तो तिच्या मधोमध बसून जेवत होता. रस्त्यावरून भाजीच्या गाडीचा भोंगा ओरडत गेला, मेथी घ्या, सांबार घ्या. घरातली कोथिंबीर संपलीय, असं महामायाच्या मनात आलं, आणि आत्ता या घटकेला असलं काही आपल्या मनात येऊ शकतं याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती साय तिच्या मुलाच्या पायातली होती. प्रसेनजितच्या. राजूर घाटात त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली, उजव्या नडगीचा चुरा झाला, सळई घातली, आणि सळईबरोबर की सळईनंतर कोण जाणे, हे जंतू हाडात शिरले. हिवाळ्यात जखम मिटल्यासारखी झाली, संक्रांतीनंतर पुन्हा फुटली. एक औषध झालं, दुसरं झालं, शिरेतून द्यायची झाली. तिचा जुना विद्यार्थी हरिओम याची बुलडाण्यात लॅब आहे. पू तपासून रिपोर्ट द्यायला तो स्वतः घरी आला होता आणि चहा न पिता उभाच राहिला होता. “मॅडम, कशालेच दाद देत नाही हा जंतू,” तो म्हणाला होता, वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा. डॉक्टरांनी मग सरळ सांगितलं, गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. प्रसेनजित एसटीचा ड्रायव्हर. उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय. प्राध्यापिकेचा पोरगा ड्रायव्हर झाला म्हणून लोकांनी नावं ठेवली, तेव्हा तो हसून म्हणायचा, आई जंतू पाळते, मी गाडी पाळतो. तो सही द्यायला तयार नव्हता. तयार नव्हता, कारण त्याच्या आईच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागं, काचेच्या नळीत तो जंतू होता. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला होता, “आई, लाव ना तुह्या जंतूले कामाले. लय वर्षं झाले, फुकटचं खाऊन राह्यला तो आपल्या घरचं.” तापानं डोळे लाल, ओठांना खपल्या, आणि तरी तो हसला होता. तिनंच मग हरिओमकडून प्रसेनजितच्या पुवातले जंतू मागून आणले, मागच्या खोलीत थर्माकोलच्या खोक्यात झिरोचा बल्ब लावून ऊब केली, आणि दोघांना समोरासमोर ठेवलं.

तिनं प्लेट खाली ठेवली. पहिलं खळं पडलं त्याला किती वर्षं झाली. तेव्हा कॉलेजची नोकरी नवी होती आणि पाठीला लहानगा प्रसेनजित बांधल्यासारखा असे. मेहकरला गाडी बदलून लोणारला उतरायचं, धारेवर, विवराच्या काठावर, उभं राहून खाली पाहायचं. मोठ्या परातीत कुणी हिरवं पाणी ओतून विसरून गेल्यासारखं ते सरोवर, आणि खाली उतरत जावं तसा नाकात भरत जाणारा तो वास, सडक्या अंड्याचा आणि धुण्याच्या सोड्याचा मिळून. त्या पाण्यात मासा जगत नाही. गावातल्या बाया म्हणायच्या, काय पाहता व मॅडम, तिथं काही नाही. पण होतं. काठच्या काळ्या चिखलात, जिथं बाकी कुणाचं पोट भरत नाही तिथं, तो होता. तिनं त्याला वेगळा काढला, दुसऱ्या जंतूंच्या सायीवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर त्याच्याभोवती, पुनवेच्या चंद्राला पडतं तसं, नितळ खळं. आतली साय गेली होती. मेली होती असं नाही, गेलीच होती. ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी एकटी उभी राहून हसत सुटली होती. शिपाई भागवत डोकावून म्हणाला, “मॅडम, तब्येत बरी आहे ना?” तेव्हा तिला वाटलं होतं, याच्याहून बरी ती कधीच नव्हती.

प्रसेनजितला तिनं सांगितलं होतं ते खामगावच्या कापसाच्या गाठीचं उदाहरण देऊन. त्याला एकदा जिनिंगमध्ये नेऊन दाखवलीच होती ती गाठ. दाबून दाबून कापूस भरतात, वरून पट्ट्या आवळतात, आणि पट्टी तोडली की आतला कापूस स्वतःच्याच जोरानं उसळून बाहेर येतो. जंतूचंही तसंच असतं, ती म्हणाली होती. आत पाणी कोंडलेलं, बाहेर भिंत, आणि भिंत म्हणजे साखरेचे धागे, धाग्यांना आडवे टाके. आपला जंतू एक एन्झाइम सोडतो, म्हणजे बारीक कात्रीच समज, आणि ती कात्री फक्त टाके कापते. फोडायचं काम तिला करावं लागत नाही. टाके तुटले की तो बिचारा आपल्याच जोरानं फुटतो. पोरगं म्हणालं होतं, “मंग हा सोता काऊन नाही फुटत?” तिला त्याचा अभिमान वाटला होता. कॉलेजातली पोरंसुद्धा हे विचारत नाहीत. कारण त्यानं आपल्या भिंतीला टाके वेगळे घातलेत, तिनं सांगितलं. दुसऱ्याचे कापणारी कात्री त्याला स्वतःला लागत नाही. “हुशार आहे बे,” पोरगं म्हणालं होतं. त्यानंतर घरात नवी प्लेट आली की तोच आधी खिडकीकडे पळायचा. आई, खळं! आई, आज लय मोठं खळं!

पुढं त्याचं औषध व्हायला हवं होतं, ते झालं नाही. तशी यंत्रं इथं नव्हती, आणि यंत्रं होती तिथं जाऊन राहणं जमलं नाही. पण तिनं त्याला मरू दिलं नाही एवढंच. बदली, सासूचं आजारपण, नवऱ्याचं, भाऊरावांचं जाणं, निवृत्ती, सगळ्यांतून तो एका नळीतून दुसऱ्या नळीत येत राहिला.

दुपारी ती डबा घेऊन दवाखान्यात गेली. प्लेटचं काही बोलली नाही. प्रसेनजितचा पाय पांढऱ्या पट्टीत होता आणि पट्टीबाहेरची बोटं जांभळट, फुगलेली. कितीही फिनाईल मारलं तरी खोलीत तो वास होताच, गोडसर. ती ओळखत होती तो वास. वर्गात मुलांना प्लेटचं झाकण उघडून हुंगायला लावायची ती, आणि मुली पदर नाकाला लावायच्या. “पडलं का?” त्यानं विचारलं. “अजून बघितलं नाही,” ती म्हणाली. “खळं पडू दे फक्त. मंग मी महिनाभर बी थांबतो, दोन महिने बी थांबतो. डॉक्टरले म्हणा, बोंबला.”

“प्रसू, खळं म्हणजे औषध नाही रे.”

“हाव, सांगतलं तू. पहिले पडू तं दे.”

व्हरांड्यात सून तिच्यामागोमाग बाहेर आली. पुष्पांजली मलकापूरकडची, अंगणवाडीत काम करते, तोंडानं फटकळ आणि हातानं मायाळू. रोजच्या जागरणानं तिचे डोळे आत गेले होते. “आई, मले एक सांगा,” ती म्हणाली, “तुमचं ते खळं पडलं, तं लगेच इंजेक्शन तयार होते काय?”

“नाही.”

“मंग किती दिवस लागतात?”

“दिवस नाही ग. वर्षं. तो एन्झाइम वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, आधी उंदरावर, मग… ते काम माझ्या मागच्या खोलीतलं नाही.”

“मंग त्याईले सांगा ना असं.”

“सांगितलं. किती वेळा सांगितलं.”

“तुम्ही सांगता, पण सांगतानी तुमचे डोळे चमकतात, आई. ते तुमचे डोळे पाह्यतात, तोंडचं आयकत नाहीत.” पुष्पांजलीनं पदरानं तोंड पुसलं. “डॉक्टर सकाळी म्हणे, किडनीवर येऊन राह्यलं आता. लेकरं विचारतात पप्पा कवा येतात. मी काय सांगू? आजीचं खळं पडलं का येतीन, असं सांगू?”

घरी येताना रिक्षात तिला एकसारखं वाटत होतं की रस्ता तिच्या अंगावर येतोय. थांब्यावर एसटी उभी होती, ड्रायव्हर दारात पाय टाकून तंबाखू मळत होता, आणि तिची नजर त्याच्या उजव्या पायावर खिळली. खाकी पँट, धुळीची चप्पल. किती निष्काळजीपणानं माणसं पाय वापरतात. तिनंच त्याच्या मनात हे पेरलं होतं, ते खिडकीतलं खळं. तिनं त्याला देवाधर्माच्या गोष्टी सांगितल्या नाहीत, गंडेदोरे दारात येऊ दिले नाहीत, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानू नको असंच शिकवलं, आणि पोरानं डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणूनच मानलं होतं. आणि आता तो त्या मानण्यावर मरणार होता.

पण का नाही पडलं? डबा घासताना हेच. का नाही? हात राखेत, राख कसली, साबणाच्या फेसात होते, आणि मन सासूपाशी गेलं. जनकाबाई. बीबी गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई, जिनं दोन पोरं त्या सालात पुरली होती आणि त्यानंतर जन्मभर घरात कुणाचं ताट रिकामं दिसलं की जिचा जीव कासावीस व्हायचा. वैशाख पौर्णिमेला त्या घरात खीर व्हायची, मोठ्या पातेल्यानं. उपाशी सिद्धार्थाला सुजातेनं खीर दिली, म्हणून त्या दिवशी आपल्या घरात कुणी उपाशी राहायचं नाही, गोठ्यातलं जनावर नाही, दारातलं कुत्रं नाही. आणि कॉलेजला त्या दिवशी सुटी, म्हणून महामाया त्याच दिवशी जंतूला नव्या नळीत हलवायची. म्हातारी शेजारी बसून बघायची. “काय खाते व तो?” सोड्याचं पाणी, मीठ, आणि नावापुरतं अन्न, एवढंच असतं त्याला तळ्यात, महामाया सांगायची. “नावापुरतं? भुकेल्या जीवाले पोटभर देल्लं तं पाप लागते काय, सूनबाई? घाल ना त्याले बी चमचाभर.” तिनं हसत हसत घातलं होतं. थोडी साखर. थोडा मांसाचा अर्क. जंतू फोफावला, पांढरा झाला, म्हातारी खूश झाली. दुसऱ्या वर्षी आणखी घातलं. म्हातारी गेली आणि तिच्या आठवणीनं आणखी. सोडा कमी होत गेला, मग बंदच झाला. गुडघे धरल्यापासून लोणारच्या पाण्याची आठवणही मागं पडली. पुरणावरणाचं ताट वाढावं तसं ती त्याला वाढत आली होती.

महामायानं नळ बंद केला. भाकरी समोर असताना शेजाऱ्याची भिंत कोण फोडतो? पोट भरलेल्याला कात्री कशाला लागते? कात्री भुकेची होती. त्या खाऱ्या, काळ्या चिखलात काहीच नसायचं, तेव्हा तो बाजूच्याची भिंत उसवायचा आणि सांडेल त्यावर जगायचा. हे तिनं शिकवलं होतं की वर्गात, दर वर्षी, फळ्यावर लिहून. आणि घरी येऊन खीर घातली होती. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचाच हुंदका झाला.

तिनं त्याला उपाशी ठेवलं. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा वाण्याकडून आणला, मापानं पाण्यात विरघळवला, पीएचच्या जुन्या पट्टीनं रंग तपासला, लोणारच्या पाण्याइतका जहाल होईपर्यंत. त्यात त्याला सोडला, अन्नाचा कण न घालता. मग प्रसेनजितच्या पायातले जंतू पाण्यात घेऊन वेगळ्या ठेवलेल्या कुकरमध्ये शिजवून मारले, आणि त्यांची पांढरी प्रेतं सोड्याच्या पाण्यात कालवून प्लेट ओतली. ताकासारखी पांढुरकी प्लेट. त्या ताटात दुसरं काहीही नव्हतं. खायचं असेल तर हेच खा, माझ्या लेकराच्या पायातलं, नाहीतर मर. हे ती मोठ्यानं म्हणाली की मनात, तिला कळलं नाही. हरिओमला तिनं फोनवर हे सांगितलं. “मॅडम, पडलं तरी ते मेलेल्या जंतूंवर असंन ना. जिवंत माणसाचं हाड…” “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “मीच शिकवलंय तुला.” त्या दिवसांत ती दवाखान्यात जायची, पाय चेपायची, चांगला पाय, आणि तिच्या डोक्यात फक्त ती थर्माकोलची पेटी असायची. डॉक्टर काहीतरी बोलायचे, आकडे सांगायचे, ती मान हलवायची. प्रसेनजितच्या बोलण्यात मधेच लोणारची गाडी यायची, सुलतानपूरचा थांबा यायचा, तो झोपेत बेल मारायला सांगायचा. तो तापात आहे हे तिला दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

आणि त्या सकाळी ते पडलं. तिनं खोक्याचं झाकण काढलं, आणि पांढुरक्या प्लेटच्या मधोमध, कृश झालेल्या, करड्या पडलेल्या ठिपक्याभोवती, नखाएवढ्या रुंदीचं नितळ, लख्ख खळं. त्यातून तिला प्लेटखालच्या आपल्या बोटाच्या रेषा दिसत होत्या. ती पुन्हा त्या खिडकीशी उभी होती, केस काळे होते, पाठ सरळ होती, आणि कुणीतरी लहान आवाजात ओरडत होतं, आई, खळं! तो विसरला नव्हता. इतक्या वर्षांच्या साखरेखाली, लाडांखाली, त्याच्याजवळ ती कात्री होती. जगात कुठल्याच औषधाला दाद न देणारे ते टाके त्यानं उसवले होते. तिच्या मनात लगेच पुढचं सुरू झालं. हे पाणी गाळून घ्यायचं. बारीक गाळणी हरिओमकडे मिळेल. सिरिंजमध्ये भरायचं. ड्रेसिंगच्या वेळी नर्स पट्टी सोडते आणि ट्रे आणायला जाते, तेवढा वेळ पुरे. जखमेत थेंब थेंब. कुणाला कळणार? उघड्या हाडावर थेंब थेंब, आणि आत गाठीच्या पट्ट्या तुटतायत, तुटतायत. तिचे हात खरंच गाळणी शोधू लागले होते. शेल्फवरची डबी तिनं हातात घेतली, आणि घेतल्यावर कळलं की डबी खसखशीची आहे. हे पाणी म्हणजे नुसती कात्री नव्हती. त्यात सोडा होता, विष होतं, फुटलेल्या जंतूंचा गाळ होता, आणि रक्तात तो गाळ गेला की माणूस तासाभरात थंड पडतो, हेही तिनं फळ्यावर लिहिलं होतं. स्वतःच्या मुलावर ती हे करणार होती. क्षणभर का होईना, करणारच होती.

फोन वाजला. पुष्पांजली होती. म्हणाली, “आई, डॉक्टर म्हणतात आज दुपारपर्यंत. नंतर ते बी हात लावणार नाहीत. पाय तं जाईनच, पण… तुम्ही या. ते कोणाचंच आयकत नाहीत. मले म्हणतात, आई प्लेट घेऊन येते.”

महामायानं दोन्ही प्लेटा समोर ठेवल्या. एक पिवळ्या सायीची, कोरी. एक खळ्याची. खळ्याची नेली तर तो हसेल. पाहिलं का बे, म्हणेल डॉक्टरला. मग थांबेल. महिनाभर बी थांबतो, म्हणाला होता. त्याच्याकडे महिना नव्हता. ती कितीही सांगेल, हे मेलेल्यांवर पडलंय, हे औषध नाही, याला माझ्यानंतरही वर्षं लागतील, आणि सांगताना तिचे डोळे चमकतील. तिला ते आवरता येणार नव्हतं. ती प्लेटीकडे पाहत राहिली. मग तिनं खळ्याची प्लेट खोक्यात ठेवून झाकण लावलं, कोऱ्या प्लेटीची कडा टेपनं नीट बंद केली, ती पिशवीत घातली आणि चपला घातल्या.

तो उशीला टेकून बसला होता, घामानं डबडबलेला. “आली,” तो म्हणाला. “दाव.” तिनं प्लेट दिली. त्यानं लहानपणीसारखीच ती खिडकीकडे धरली, तिरपी केली. त्याचा हात खूप हलत होता, म्हणून पुष्पांजलीनं मनगट धरलं.

“नाही पडलं?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“बघतोयस ना.”

“मेला काय तो?”

“जिवंत आहे,” महामाया म्हणाली. “पण त्याच्यात ते राहिलं नाही आता.” या प्लेटीपुरता त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिनं नजर पट्टीबाहेरच्या त्याच्या बोटांवर ठेवली. वर पाहिलं असतं तर त्यानं तिचे डोळे पाहिले असते.

बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर कुरकुरत गेलं. मग त्यानं प्लेट उलटी करून उशीजवळ ठेवली. “पुष्पा, बलाव डॉक्टरले,” तो म्हणाला. “कुठं सही करू म्हणा.” पुष्पांजली पळतच बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात दूरपर्यंत ऐकू येत राहिला. “कंट्रोलरच्या खिडकीत बसवतीन मले,” तो म्हणाला. “गाडी कवा येते ते सांगाले पाय थोडाच लागते. अन् ती वेळेवर येत तं नाहीच.” तिला हसायला हवं होतं. तिचे नुसते खांदे हलायला लागले.

“आई. ए आई. रडू नको व.” त्यानं हात लांबवून तिला जवळ ओढलं. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. “माह्या पायाचं जाऊ दे. तुह्यंच वाईट वाटून राह्यलं मले. जलमभर जीव लावला तू त्याले, अन् येनवक्ती दगा देल्ला पाह्य त्यानं.” तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. “तुह्या हातात काय होतं सांग बरं? म्हातारा झाला असंन तो बी. होते असं.” तो तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला, खालून वर, वरून खाली, परीक्षेत नापास झालेल्या पोराला समजवावं तसा, हळूहळू थोपटू लागला. ती त्याच्या खांद्यावर डोळे गच्च मिटून राहिली आणि तिनं त्याला थोपटू दिलं.